मधली तीस वर्षं

गेल्या आठवड्यात पुतणीने शाळेसाठी पाठ केलेलं भाषण आम्हा सगळ्यांना बसवून म्हणून दाखवलं. विषय अर्थातच क्रांतिसिंह नाना पाटील. पलूस तालुक्यातल्या शाळेत दुसरं कोण असणार! येडेमच्छिंद्र, तलाठ्याची नोकरी, १९३० साली त्या नोकरीवर सोडलेलं पाणी, बेचाळीस, प्रतिसरकार, कुंडल, तुफान सेना... हातवाऱ्यांसकट सगळं फर्मास जमलं होतं. "आणि १९४६ साली नाना प्रकट झाले!" इथे आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढचंच वाक्य होतं, "६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली."

मधली तीस वर्षं गेली कुठे?

पोरीचा काय दोष, आपण मोठी माणसंही तिथेच थांबतो. नाना दोन वेळा खासदार होते, १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून, हे आमच्या भागातल्या किती जणांना चटकन सांगता येईल, मला शंका आहे. बीडचं ऐकून तर लोक माझ्याकडे बघतच राहतात.

बाहेरच्या मंडळींसाठी आधीचं थोडक्यात सांगतो. १९४३ ते ४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या (आमची सांगली त्यातच होती) दीडशेच्या आसपास गावांत इंग्रजांचं नव्हे, प्रतिसरकारचं राज्य चालत होतं. न्यायदान मंडळं, सावकारांना चाप, दरोडेखोरांचा बंदोबस्त, कमी खर्चातली गांधी विवाह पद्धत. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, १९४४च्या एप्रिलमध्ये धुळ्याचा खजिना. आमचं कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, म्हणजे ब्रिटिश पोलिसांच्या थेट अमलाखाली नाही. भूमिगतांना त्याचा आडोसा झाला. गावोगाव मात्र नाव पडलं 'पत्री सरकार'. तळपायाला पत्रे ठोकायचे म्हणून पत्री, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची. जाणकार म्हणतात 'प्रति'चं 'पत्री' झालं. काही असो, त्या पत्र्याच्या गोष्टीच जास्त टिकल्या. भाषणाला त्या बऱ्या पडतात.

आता गंमत बघा. ज्या माणसाने स्वतःचं सरकार चालवलं तो स्वराज्य आल्यावर सरकारच्या समोरच्या बाकांवर जाऊन बसला. काँग्रेस सोडली, शेतकरी कामगार पक्षात गेले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात. मला वाटतं, तीस वर्षं गायब होण्याचं खरं कारण इथे आहे. इंग्रजांशी लढलेले नाना सगळ्यांचे. लाल बावट्याचे नाना सगळ्यांचे कसे होतील? मग पुतळ्याला सोयीचं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं गुंडाळून ठेवायचं.

१९५७ची निवडणूक काही साधी नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं होतं आणि मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे साताऱ्याचेच, बेचाळीसच्या लढ्यातलेच. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस आडवी झाली. खुद्द यशवंतराव कऱ्हाडला जेमतेम निवडून आले आणि लोकसभेला साताऱ्याने नाना पाटलांना निवडलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा समितीने तिथे प्रचंड निदर्शनं केली. देशाचा पंतप्रधान ज्या जिल्ह्यात येतोय तिथला खासदार निदर्शनं करणाऱ्यांच्या पक्षाचा! आज असं झालं तर वाहिन्या तीन दिवस दुसरं काही दाखवणार नाहीत.

पण मला राहून राहून वाटतं ते दिल्लीबद्दल. दीडशे गावांत ज्यांचा शब्द चालत होता ते नाना तिथे ४९४ निवडून आलेल्या खासदारांपैकी एक होते. काँग्रेसचे ३७१, नानांच्या पक्षाचे २७. इकडे न्यायदान मंडळ गावातच बसायचं, दोन्ही बाजू समोरासमोर, आणि निकाल तिथल्या तिथे. तिकडे प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकून घ्यायचं, पुरवणी प्रश्न विचारायचा, मतदानाला हरायचं आणि पुढच्या अधिवेशनाला परत जायचं. त्यात भाषेची अडचण. राज्यघटनेप्रमाणे संसदेचा कारभार हिंदी नाहीतर इंग्रजीत. त्या दोन्हींत नीट बोलता येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलायचं. नाना लोकसभेत मराठीतून बोलले, आणि असं बोलणारे ते पहिले, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. अभिमान ठीकच आहे. पण भाषणांचे लगोलग अनुवाद लोकसभेत सुरू झाले ते १९६४ साली, तेही हिंदी-इंग्रजीपुरते. म्हणजे आपलं बोलणं सभागृहातल्या बहुतेकांना कळणार नाही हे माहीत असताना माणूस उभा राहतो आणि बोलतो. शेणोलीच्या धाडीला लागलं त्याहून वेगळ्या जातीचं धैर्य याला लागत असणार. आणि याच्यावर पोवाडा होत नाही!

१९६० साली महाराष्ट्र झाला आणि समितीचा जोर ओसरला. १९६२ला साताऱ्यातून काँग्रेसचे किसन वीर निवडून आले. तेही बेचाळीसचे, येरवड्याच्या तुरुंगातून निसटलेले! एकाच लढ्यातली दोन माणसं लागोपाठ एकाच जागेवर, दोन विरोधी पक्षांतून. भुईंजच्या साखर कारखान्याला आज किसन वीरांचं नाव आहे. कुंडलच्या कारखान्याला जी. डी. बापू लाडांचं, म्हणजे तुफान सेनेच्या फील्ड मार्शलांचं. आमच्या पट्ट्यात पुढारी मोजायचा तो कारखाना, बँक, दूध संघ, कॉलेज यांवरून. (पलूस-कडेगावकरांना हे वेगळं सांगायला नको, पतंगराव कदमांचं नाव घेतलं की आधी भारती विद्यापीठच आठवतं.) नानांच्या बाबतीत ही मोजपट्टीच लागू पडत नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, पण ते सरकारने दिलेलं.

आणि मग १९६७, बीड. आमच्याकडे बीड म्हटलं की ऊसतोडीच्या टोळ्या. दर हिवाळ्यात कारखाना सुरू झाला की बायकापोरांसह येतात, पालं ठोकतात, पट्टा पडला की परत जातात. त्या मुलखाने कृष्णाकाठच्या सहासष्ट वर्षांच्या एका माणसाला दिल्लीला पाठवलं होतं. ना तिथलं गाव, ना तिथला गोतावळा. १९६४ला कम्युनिस्ट पक्षही फुटला होता. त्या निवडणुकीत नानांच्या पक्षाच्या सगळ्या देशात मिळून २३ जागा आल्या, त्यातली एक ही.

आयंडहोव्हनचा आमचा बंड्या मध्ये फोनवर सांगत होता, की हॉलंडमध्ये खासदाराला मतदारसंघच नसतो. दीडशे जणांचं सभागृह, सबंध देश म्हणजे एकच मतदारसंघ, आणि मतपत्रिका वर्तमानपत्राएवढी. "मग रस्त्याचं गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं रे?" म्हटलं, तर तो म्हणाला, "काका, त्याला नगरपालिका असते." हे माझ्या डोक्यात नानांमुळे घोळत राहिलं. साताऱ्याने पाठवलं, बीडने पाठवलं, पण दोन्हीकडच्या लोकांनी आपल्या गल्लीतला रस्ता व्हावा म्हणून त्यांना पाठवलं असेल असं मला वाटत नाही. पत्री सरकारचा हा माणूस दिल्लीत कुणाला बधणार नाही, एवढ्यावर मतं पडली असावीत. आज एवढ्यावर तिकीटसुद्धा मिळणार नाही.

पैशाचंही सांगतो. १९५४च्या कायद्याने खासदाराचा पगार महिना ४०० रुपये आणि अधिवेशनात दिवसाला २१ रुपये भत्ता ठरला होता. माजी खासदारांना पेन्शन मंजूर झाली १९७६च्या सप्टेंबरात, म्हणजे नाना जाण्याच्या तीनच महिने आधी. अंत्यसंस्कार वाळव्याला झाले.

पुतणीला एवढं सगळं सांगितलं, तर म्हणाली, "काका, भाषण तीन मिनिटांचंच आहे." एक वाक्य मात्र घातलंय तिने, दोन्ही मतदारसंघांच्या नावांसकट. बीडकडचं कुणी हे वाचत असेल तर घरातल्या वयस्करांना १९६७ची आठवण जरूर विचारा. नाना कुठल्या गावात उतरायचे, काय बोलायचे, लोकांनी त्यांना आपला कसा मानला... जे सापडेल ते कळवा.