टाळाखालचा श्वास

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागून जादा इंजिने जोडून घेते आणि मगच बोरघाट चढू लागते. १८६३ साली हा घाटमार्ग सुरू झाला. सदतीस फुटांना एक फूट अशी तिची तीव्र चढण आहे. 'गाडी दम घेतेय,' असे म्हणत प्रवासी फलाटावर वड्यासाठी उतरतात. इतकी वर्षे या परिसरात वावरूनही त्या शब्दांकडे आमचे लक्ष गेले नव्हते. आमच्यावरच दम घेण्याची वेळ आली, तेव्हा ते गेले.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाने आमची फुफ्फुसे धरली. आम्ही वाचलो, परंतु पुन्हा वेदीपाशी उभे राहिलो तेव्हा मिस्साबलीतील स्तुतिगान मध्येच तुटले. सेमिनरीत आम्हाला ग्रेगोरियन गायनाचे धडे मिळाले होते आणि आपल्या आवाजाचा थोडा अहंकारही होता, तो का लपवावा? त्या रविवारी भाविक खाली पाहू लागले आणि आम्ही उरलेले शब्द कसेबसे वाचून काढले. यापुढे गाऊ नये, असे मनाशी ठरवूनही टाकले.

एका हितचिंतकाने आम्हाला खोपोलीच्या गाडीत बसविले. पळसदरी, केळवली मागे टाकीत आम्ही एका भजनीबुवांच्या घरी पोहोचलो. बुवा कारखान्यातून निवृत्त झालेले, पेटीवर बसून गावातील पोरांना शिकविणारे. त्यांनी आमचा षड्ज ऐकला आणि विचारले, ''फादर, खांदे कशाला उचलता? श्वास काय खांद्यात असतो?''

त्यांनी आम्हाला चटईवर उताणे निजविले, पोटावर टाळ ठेवला आणि स्वतः आत चहा सांगायला गेले. पन्नाशी ओलांडलेला धर्मगुरू परक्या ओसरीवर पोटावर टाळ घेऊन पडलेला, आणि दारात तीन मुले खुदखुदत उभी! टाळ वर जात होता, खाली येत होता. बुवा परतले.

''टाळ कोणी हलवला?''

''कोणी नाही. आपोआप हलला.''

''मग गातानाच तुम्ही मध्ये का पडता? तुम्ही नुसता सोडा. घ्यायचं काम त्याचं तो करील.''

शरीरशास्त्र हेच सांगते. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, छातीतील पोकळी वाढते आणि हवा आत येते. स्वस्थ बसलेल्या माणसाचा उच्छ्वास तर स्नायूंच्या खटपटीवाचूनच होतो. हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा यांना 'रूआह' हा एकच शब्द आहे, हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. टाळाखाली मात्र तो शब्द पहिल्यांदा अंगाला लागला.

बुवांचे दैवत कुमार गंधर्व. प्रो. देवधरांच्या हाताखाली घडलेल्या या तरुण गायकाला ऐन उमेदीत क्षयाने गाठले. १९४८ साली ते देवासला गेले. कित्येक वर्षे गाणे बंद राहिले. अंथरुणावरून ते माळव्यातील लोकगीते ऐकत. स्ट्रेप्टोमायसिनने जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांच्या गाण्यात लहान, तुटक, विजेसारखे स्वरसमूह होते आणि मधली शांतताही गात होती. त्यांची शैली आजारानेच दिली असे म्हणणे त्यांच्या प्रतिभेवर अन्याय करणारे होईल. बालवयातच ते थक्क करीत होते. परंतु उरलेल्या श्वासाशी त्यांनी वैर केले नाही, हे खरे. १९९२ साली ते निवर्तले. बुवा म्हणाले, ''फादर, तुमची तर दोन्ही शाबूत आहेत!''

पुढच्या पावसाळ्यात खालापूर तालुक्यातील एका घरी पवित्र तेल घेऊन जावे लागले. मावशींचा शेवट जवळ आला होता. श्वास येई, मग बराच वेळ येत नसे. पूर्वी अशा वेळी आम्ही प्रार्थनांचा सपाटा लावीत असू. शांतता पडली की नातेवाइकांना आपण अपुरे वाटू, अशी आम्हाला भीती असे. त्या संध्याकाळी आमचे लक्ष मावशींच्या पांघरुणाकडे गेले. ते टाळासारखे वर जात होते, खाली येत होते. आम्ही प्रभूची प्रार्थना त्यांच्या श्वासाबरोबर म्हटली: एक ओळ, मग थांबणे, मग दुसरी. कौलांवर पाऊस वाजत होता. मध्येच सुनेने हळूच विचारले, ''फादर, विसरलात का?'' आम्ही मानेनेच नाही म्हटले. थोड्या वेळाने तीही आमच्याबरोबर थांबू लागली. शेवटची ओळ संपली तेव्हा पांघरूण हलायचे थांबलेले होते. नेमके केव्हा, ते आम्हा कोणालाच कळले नाही.

आता आम्ही पुन्हा गातो. स्तुतिगानाची ती लांब ओळ अजूनही एका दमात होत नाही. दोनदा थांबावे लागते. परवा वेदीसेवक पोराला वाटले, फादरांचे पान चुकले. त्याने तत्परतेने पुढचे पान उलटले.