फेब्रुवारीतला मॉन्स्टेरा

नाशिकला मॉन्स्टेरा पोर्चमध्ये ठेवायचा म्हटलं की लोक डिसेंबरची भीती घालतात. माझा अनुभव वेगळा आहे. डिसेंबर-जानेवारी ते झाड निभावून नेतं, त्याला खरा छळतो तो फेब्रुवारी. पहाटे १० अंश, दुपारी ३० च्या पुढे, आणि हवा इतकी कोरडी की दोरीवरच्या जाड चादरीही बघता बघता वाळतात. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा याची आपल्याला सवय असते. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत चढणाऱ्या वेलीला ती कुठून असणार?

त्यात आमचा पोर्च दक्षिणमुखी. डिसेंबरात सूर्य खाली कललेला असल्याने ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत येतं, पण ते सोसवतं. मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, स्लॅबखाली ऊन शिरतच नाही. मधल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र ऊन तिरपं असल्याने आत येतं आणि त्याला उन्हाळ्याची धार चढलेली असते. रात्रभर गारठलेल्या पानाला एवढा प्रकाश पचवता येत नाही. मग पानाच्या मधोमध पांढुरके, कोरडे चट्टे उठतात, आणि उठले की ते पान गळेपर्यंत तसेच राहतात. म्हणून संक्रांतीनंतर मी कडेला हिरवी शेडनेट बांधते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास सोडते. ‘उन्हाळा सुरू होताना लोक नेट बांधतात, तू सोडतेस’ म्हणून शेजारच्या काकू हसतात. पोर्चचं तोंड कुठे आहे ते बघून ठरवायची ही गोष्ट; त्यांचा पश्चिमेला आहे, त्यांना नेट मे महिन्यातच लागणार.

थंडीबद्दल मला शिकवलं ते मामाने. त्याची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. हिवाळ्यात पेपरात निफाडचा पारा म्हणून जो आकडा येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजलेला असतो आणि बहुतेक वेळा नाशिक शहराच्या खालीच असतो. पहिल्या हिवाळ्यात मी तो आकडा वाचून मामाला फोन करायचे. तो म्हणाला, ‘‘अगं, पारा काय बघतेस, आभाळ बघ. ढग असले की निवांत झोप. आभाळ निरभ्र झालं आणि वारा पडला, की समज.’’

यामागचं कारण साधं आहे. निरभ्र, निवांत रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता थेट आभाळाकडे टाकत राहतात, त्यामुळे पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. ढगांचं पांघरूण असलं की हे घडत नाही. म्हणून अशा रात्री बागायतदार द्राक्षाच्या ओळींमध्ये शेकोट्या पेटवतात, धूर करतात, पहाटे ठिबक चालू करतात. मण्यांची फुगवण थांबली किंवा तडे गेले तर ऑक्टोबरच्या छाटणीपासूनची मेहनत पाण्यात जाते. माझ्याकडे पणाला लागलेलं असतं एक पान. मामा हा फरक अधूनमधून ऐकवतोही.

माझ्यापुरता उपयोग असा झाला, की झाड घरात आत-बाहेर करणं बंद झालं. पोर्चवर स्लॅब आहे; भिंतीला टेकलेल्या कुंडीला आभाळ फारसं दिसतच नाही. एकाच वेलीच्या दोन फांद्या मी दोन कुंड्यांत लावल्या होत्या. एक भिंतीशी, एक पायरीच्या कडेला. कडेच्या कुंडीतल्या पानांवर आधी ओलसर, गडद डाग दिसले आणि मग ते काळे पडले. भिंतीजवळचीला काही झालं नाही. मधलं अंतर जेमतेम दोन पावलांचं. आणखी एक: थंडीचा डाग त्याच सकाळी दिसत नाही, एक-दोन दिवसांनी वर येतो. तोवर गारठा ओसरलेला असतो आणि माणूस दोष खताला देतो.

गारांवर मात्र कुणाची मात्रा चालत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस निफाड भागात गारपीट झाली, तेव्हा द्राक्षबागांची जी दशा झाली ती बघितल्यावर पोर्चमधल्या कुंडीबद्दल बोलायची मला लाज वाटली. मामीला भेटायला गेले होते. मी मॉन्स्टेराचा विषय काढलाच नाही; तिनेच काढला. ती त्याला कौतुकाने ‘विलायती अळू’ म्हणते, आणि त्यात तथ्य आहे. अळू, सुरण, मनीप्लँट, मॉन्स्टेरा सगळे एकाच कुळातले. त्याचा चीक अळूसारखाच खाजतो, त्यामुळे छाटताना हातमोजे घालते आणि भाचरांना जवळ येऊ देत नाही.

एप्रिल-मे कंटाळवाणे. पानांच्या कडा तपकिरी होतात, नवं पान अडकल्यासारखं गुंडाळूनच राहतं. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवायच्या, संध्याकाळी फरशी ओली करायची, एवढंच. वळवाच्या आधीचा धुळीचा वारा मोठी पानं शिडासारखी ओढतो. एकदा कुंडीसकट सगळं आडवं झालं. तेव्हापासून मॉस स्टिक खांबाला बांधलेली असते.

आणि मग पाऊस. त्र्यंबकच्या बाजूने ढग येऊ लागले की झाड ओळखू येत नाही. हवेतली मुळं बोटभर वाढतात, प्रत्येक नव्या पानाला आधीपेक्षा जास्त भोकं. सकाळी पानांच्या टोकांना थेंब लोंबतात. ते दव नसतं. मुळांनी रात्री ओढलेलं जास्तीचं पाणी पान कडेने बाहेर टाकतं. धोका इथेही आहे, पण तो वरून नाही, खालून. नाशिक शहरात पाऊस इगतपुरीसारखा कोसळत नाही, तो दिवसचे दिवस बुरबुरतो, आणि कुंडीतली माती वाळायचं नावच घेत नाही. कुंडीखालची ताटली मी जूनमध्ये काढून माळ्यावर टाकते. मातीत विटांचे तुकडे आणि नारळाचा काथ्या भरपूर असतो. पाणी बोट मातीत खुपसून, दोन पेरं कोरडं लागलं तरच.

डोंबिवलीची बहीण यातलं काहीच करत नाही. तिची वेल बाल्कनीत वर्षभर उघडी असते आणि ग्रिल ओलांडून वरच्या मजल्याला लागली आहे. तिथे हिवाळ्यातही पारा सहसा १५ च्या खाली जात नाही, हवा बारमाही दमट. माझ्या नेटची आणि विटांच्या तुकड्यांची ती थट्टा करते. मी तिला एकदा फेब्रुवारीत राहायला बोलावलं आहे.

मामालाही आता एक फांदी हवी आहे, पॅकिंग शेडच्या दाराशी लावायला. दोन पेरांची, हवेतल्या मुळासकटची फांदी काढायला जून बरा, तेव्हा देईन. शेडची उत्तर बाजू मोकळी आहे आणि थंडीचा वारा तिकडूनच येतो. कुंडी त्या दाराशी ठेवू नको, एवढं मात्र आताच सांगून ठेवलंय. ‘‘मला शिकवतेस होय?’’ म्हणाला.