उपशाआधी पाळत

जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल-डिझेल गळलं तर काय करायचं, याचं माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं. खोदा, बाटलेली माती ट्रॉलीत भरा, विहीर उपसा आणि मोकळे व्हा. हल्ली मी याच्या उलट बोलतो. ‘काका, तुम्ही पंपवाल्यांच्या बाजूचे कधी झालात?’ असं आमच्या पारोळ्यातले ओळखीचे लोक विचारतात. मी कोणाच्याही बाजूचा झालेलो नाही. पण मत बदललं आहे, आणि का बदललं ते सांगितलं पाहिजे.

आमची काळी माती पावसाचं पाणीसुद्धा लवकर खाली सोडत नाही, मग तेल काय सोडणार, असं मला वाटायचं. हे पावसाळ्यापुरतं खरं आहे. मे महिन्यात त्याच शेतात जा, भेगेत हात घाला, कोपरापर्यंत जातो. शिवाय टाकी मातीत नसतेच. ती खड्डा घेऊन मुरमात बसवलेली असते. मुरमाखाली फुटीर खडक, आणि त्याच्या सांध्यांतून विहिरीचे झरे. तेल वरच्या वर अडेल, हा भरवसा तिथेच संपतो.

निरीक्षण विहिरींच्या पातळ्या घेण्याचं काम मी केलं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा पातळी घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. टेप सोडायचा, ओला झालेला आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. ऑक्टोबर ते मे या काळात पाणी कित्येक मीटर खाली जातं, हे तालुक्यात कोणाला सांगायला नको. पण तेलाच्या अंगाने या आकड्यांकडे मी फार उशिरा पाहिलं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगतं. पाणी उतरलं की तेही उतरतं आणि वाटेतल्या प्रत्येक भेगेला माखत जातं. पावसाळ्यात पाणी चढलं की तो माखलेला खडक पुन्हा बुडतो आणि तेल पुन्हा पाण्यात सुटू लागतं. म्हणजे मे महिन्यात स्वच्छ आलेला नमुना ऑक्टोबरात बाटलेला निघू शकतो. एकदाच पाणी तपासून दिलेल्या दाखल्यावर म्हणूनच माझा विश्वास उरलेला नाही.

नाकावरही नाही. पेट्रोलमध्ये बेंझिन 1 टक्क्यापर्यंत चालतं. लिटरमागे साधारण 9 ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन साडेआठ लाख लिटरहून जास्त पाणी मर्यादेबाहेर न्यायला पुरतं. आणि पाण्यातल्या बेंझिनचा स्वतःचा वास लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आसपास कळतो, मर्यादेच्या हजारपट झाल्यावर! फलटण तालुक्यातल्या सासवडला 2021 मध्ये चोरांनी इंधनवाहिनी फोडली, पेट्रोल शेतात आणि विहिरींत गेलं, पिकं जळाली. 2024 च्या सुरुवातीला गोव्यात वास्कोच्या मायमोळे भागात विहिरींत इंधन आलं. हे सगळ्यांना कळलं, कारण गळती मोठी होती. जुन्या टाकीच्या सांध्यातून रोज थोडं थोडं जाणारं तेल असं ओरडून सांगत नाही. पंपावर सकाळी टाकीत काठी घालून पातळी मोजतात, म्हणजे डीप घेतात, पण दोन मीटर व्यासाच्या, साडेसहा मीटर लांबीच्या टाकीत मध्यावर एक मिलिमीटर म्हणजे 13 लिटर. काठी वाचताना मिलिमीटरभर चूक कोणाचीही होते.

आता खोदाईचं. चालू पंपाखालचा खडक कोण आणि किती खोदणार? वरची माती उचलली तरी ती टाकणार कुठे? कोणाच्या तरी नाल्यात. विहीर जोरात उपसली तर आजूबाजूचं बाटलेलं पाणी तिच्याकडेच ओढलं जातं, हे पंपिंगचे प्रयोग पाहिलेल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. गळकी टाकी त्याच दिवशी रिकामी करावी, तरंगणारं तेल वरच्या वर काढून घ्यावं, मुरमातली वाफ पंखा लावून ओढून घ्यावी, यावर वाद नाही. उरलेलं काम जमिनीतले जिवाणू करतात. ते तेल खातात, पण त्यांना प्राणवायू लागतो आणि वर्षं लागतात. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. जिवाणू आधी ते खातात, प्राणवायू त्यात संपतो आणि बेंझिन मागे राहतं. वर्षं किती लागतात, ते अमेरिकेकडे पाहून कळतं. तिने 1984 मध्ये भूमिगत टाक्यांचा कायदा केला. तिथे 5 लाखांहून जास्त गळत्यांची नोंद झाली आणि हजारो जागांवरचं काम अजून उरकलेलं नाही.

म्हणून मला आता पोकलेन नको, पाण्याचे नमुने घेण्यासाठी जमिनीत उतरवलेल्या नळ्या हव्यात. प्रत्येक पंपाभोवती तीन: एक पाण्याच्या चढाच्या बाजूला, दोन उताराला, मे महिन्यातल्या पातळीच्याही खाली उतरवलेल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी 2020 च्या मार्गदर्शक सूचना नव्या पंपासाठी शाळा-दवाखान्यापासून 50 मीटर अंतर सांगतात. हे अंतर जमिनीवरचं आहे. विहिरीचा झरा त्याहून लांबून येतो. आमच्या महामार्गाचं फागणे ते तरसोद चौपदरीकरण झालं. रस्ता रुंदावतो तेव्हा जुने पंप मागे सरकतात किंवा बंद पडतात. अशा जागी खाली टाकी राहिली का, हे आधी पाहावं आणि पहिली नळी तिथे उतरवावी. नमुने मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा घ्यावेत, निदान पाच वर्षं. आणि अहवालाची प्रत शेजारच्या विहीरमालकाच्या हातात द्यावी, कारण ते पाणी त्याच्या घरात आणि गोठ्यात जातं.