जमेची बाजू



पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचं लग्न आहे. "मावशी, संसाराबद्दल काहीतरी सांग ना," असं ती परवा म्हणाली. माझ्या लग्नात आईने मला सांगितलं होतं, "पुरुषांच्या पैशात तोंड घालू नकोस." मी बी.कॉम. झालेली, तरी ते निमूट पाळलं. महिन्याला हे देतील त्यात घर चालवायचं आणि रोजचा खर्च वहीत लिहायचा. पै-पैचा हिशेब लागायचा. पण वहीत खर्चाचीच बाजू होती, जमेची नव्हती.

दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात माताजींकडे परिग्रह-परिमाण व्रत घ्यायचं ठरवलं. सोनं किती, जमीन किती, रोकड किती, याची मर्यादा कागदावर लिहायची होती. मी पेन घेऊन बसले आणि हात थांबला. आपल्याकडे किती आहे हेच माहीत नाही, तर मर्यादा कशाची घालणार?

माझी लेक संस्कृत शिकवते. तिला हे सांगितलं तर ती हसून म्हणाली, "आई, वात्स्यायनाने हे सुमारे १७०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय." 'कामसूत्र' हे नाव आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारणार नाही! पण त्या ग्रंथाच्या सात भागांपैकी चौथा भाग पत्नीबद्दल आहे आणि त्यात घरकामच घरकाम आहे. वर्षाची मिळकत मोजून गृहिणीने त्या मानाने खर्च करावा. भांडीकुंडी स्वस्त असतील तेव्हा घेऊन ठेवावीत. उरलेल्या दुधाचं तूप करावं. कोंडा, कणी, पेज वाया घालवू नये. नोकरांचे पगार तिला माहीत असावेत. परसात भाज्यांचं बी वेळेवर पेरावं. (त्या यादीत मुळा, सुरण, कांदा, लसूण आहेत, ते आपण सोडून देऊ!)

सगळंच घेण्यासारखं नाही. पतीला देव मानावं, त्याच्या परवानगीनेच मैत्रिणींकडे किंवा देवळात जावं, असंही त्यात आहे. पण तसं लिहिणाराही मिळकतीचा हिशेब बायकोकडे देतो, आणि नवरा वायफळ खर्च करू लागला तर त्याला एकांतात समजावून सांग, असंही म्हणतो. जे माहीतच नाही त्याबद्दल समजावणार तरी कसं?

त्या रात्री मी यांना विचारलं. आधी म्हणाले, "तुला काय करायचंय?" मी व्रताचा कोरा कागद पुढे ठेवला. काही न बोलता कपाटातून फायली काढल्या. तीन संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. तिसऱ्या दिवशी एक कागद निघाला. एका नातेवाइकाच्या कर्जाला हे जामीन राहिले होते. "तुला काळजी नको म्हणून सांगितलं नाही," म्हणाले. राग आला, रडूही आलं. पण सहा वर्षं त्यांनी ते ओझं एकट्याने वाहिलं, हेही दिसलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून त्या नातेवाइकाकडे गेलो. आता हप्ते वेळेवर जातात की नाही ते मी बघते.

व्रत मी पर्युषणात घेतलं, आकडे लिहून.

भाचीसाठी एक लाल खतावणी आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर दोन्ही बाजू आखून दिल्यात, जमा आणि खर्च. दोघांनी मिळून भरा, एवढंच तिला सांगणार आहे.