एका गुणाचा प्रश्न

‘पब क्विझ’ हे दोन शब्द आमच्या घरात एकत्र उच्चारले जात नाहीत. कोल्हापुरच्या मावशीचा फोन आला की आई सांगते, “ती ना, शनिवारी प्रश्नमंजूषा घेते.” कुठे घेते, हे सांगायच्या आत ती विषय बदलते. मावशीलाही वाटत असेल, कुठल्यातरी वाचनालयात सतरंजी घालून होत असेल.

खरं तर आईने काळजी करावी असं तिथे काहीच नाही. मैसूर हे दहा वाजता झोपणारं गाव. एका रेस्टॉरंटचा वरचा मजला, आठ टेबलं, आठ टीम. बिअरपेक्षा लाइम सोडा आणि गोबी मंचुरियन जास्त खपतं. दहा आठवडे लीग चालते, दर शनिवारी चाळीस प्रश्न, आणि शेवटी पहिल्या चार टीमची फायनल. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे. एरवी आठवडाभर मी वेबसाइटसाठी गाद्या, प्रेशर कुकर आणि केसांचं तेल यांच्याबद्दल लिहीत असते. त्यामुळे ज्याचं उत्तर ‘आजच खरेदी करा’ नाही असं काहीतरी लिहायला मिळतं, याचाच मला आनंद होता.

हा नाद मला बाबांकडून लागला. बाबा नोकरीसाठी कोल्हापूरहून मैसूरला आले तेव्हा त्यांना कन्नडमधलं ‘गोत्तिल्ला’, म्हणजे ‘माहीत नाही’, एवढंच येत होतं. मग 2002 मध्ये दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर ‘थट् अंत हेळी’ सुरू झालं. पटकन सांगा, असा त्याचा अर्थ. डॉ. ना. सोमेश्वर प्रश्न विचारतात आणि बरोबर उत्तराला पुस्तक देतात. गाडी नाही, कोटी नाहीत, पुस्तक! बाबा रात्री जेवताना ते बघायचे. आधी प्रश्न कळायचा नाही, मग प्रश्न कळायला लागला, मग उत्तर यायला लागलं. बाबांचं कन्नड आजही थोडं क्विझमास्तरसारखंच आहे. भाजीवाल्याला ते इतक्या शुद्ध भाषेत भाव विचारतात की तो दचकतो.

आपल्याकडे क्विझचा इतिहास तसा छान आहे. 1967 मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी पहिली खुली क्विझ घेतली असं मानतात. बंगळूरूत 1983 मध्ये कर्नाटक क्विझ असोसिएशन उभी राहिली. ज्याला पब क्विझ म्हणतात ती मात्र इंग्लंडची. 1976 च्या सुमारास शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी तिथल्या पबमालकांना पटवलं की रविवारच्या रिकाम्या संध्याकाळी लोकांना प्रश्न विचारा, गर्दी होईल. गर्दी झाली. आमच्या मालकांचंही गणित तेच आहे, फक्त शनिवारचं.

चांगला प्रश्न कोणता, यावर मी बऱ्यापैकी विचार केलाय. सनावळ्या विचारणं सोपं असतं, पण ज्याला येतं त्याला येतं, बाकीचे टेबलावर बोटं वाजवत बसतात. चांगल्या प्रश्नाचं उत्तर आधी माहीत नसलं तरी चौघांनी डोकी एकत्र आणली की सापडायला हवं. माझा सगळ्यात आवडता प्रश्न असा होता: ‘1962 पासून मैसूरची अशी कोणती गोष्ट आहे, जी कोट्यवधी भारतीय अंगावर घेऊन घरी गेले, पण कुणी एक पैसा दिला नाही?’ रेशीम, चंदन, साबण, सगळं म्हणून झालं. मग कुणीतरी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मतदानाची शाई! 1937 मध्ये स्थापन झालेल्या इथल्या मैसूर पेंट्सच्या कारखान्यात ती बनते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट उजेडात काळं पडतं, म्हणून धुतलं तरी जात नाही. त्या टेबलावर जो आरडाओरडा झाला, त्यासाठी मी आणखी दहा शनिवार फुकट काम केलं असतं.

आता त्या शनिवारबद्दल. लीगचा शेवटून दुसरा आठवडा होता. प्रश्न एकतीस: ‘जगनमोहन पॅलेसमधल्या, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीच्या प्रसिद्ध चित्राचा चित्रकार कोण?’ हे चित्र तुम्हीही पाहिलं असणार, कॅलेंडरवर किंवा कुणाच्यातरी दिवाणखान्यात. काठापदराची साडी नेसलेली मुलगी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला, आणि बोटांच्या कडांमधून पाझरणारा केशरी उजेड. माझ्या उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं: राजा रविवर्मा.

आठपैकी सात टीमनी तेच लिहिलं. एका टीमने लिहिलं, ‘हळदणकर’. मी चूक दिली.

त्या टीममध्ये एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर आहेत. सगळे त्यांना ‘मेष्ट्रे’ म्हणतात. लाइम सोड्याच्या ग्लासाखाली कागदी रुमाल ठेवून बसणारे, कधीही वाद न घालणारे. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “नोडम्मा, एकदा परत बघ ना.” मी माईकवर हसून म्हटलं, “मेष्ट्रे, क्विझमास्तरचा निर्णय अंतिम.” लोकही हसले. मेष्ट्र्यांनी मान डोलावली आणि हात खाली घेतला. त्या रात्री त्यांची टीम एका गुणाने मागे पडली, आणि त्या एका गुणामुळे गुणतक्त्यात पाचवी गेली.

घरी येऊन जेवताना हा किस्सा मी गंमत म्हणून सांगितला. आईचा हात पोळीवरच थांबला.

“हळदणकरच ते,” ती म्हणाली. “अगं, ती दिवेवाली म्हणजे त्यांची मुलगी. गीताताई उपळेकर. आमच्या कोल्हापूरच्या. गेल्या तेव्हा पेपरात केवढं आलं होतं!”

मी म्हटलं, “पण मी तीन वेबसाइटवर बघितलं होतं.”

“मला विचारलं होतंस?”

आणि मग मला आठवलं, ते चित्र आजीच्या घरी झोपाळ्याच्या वरच होतं. दर मे महिन्यात मी त्याच्याखाली आंबे खाल्ले होते. पण त्यालाही एखादा चित्रकार असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

रात्री झोप लागेना म्हणून पुन्हा शोधलं, या वेळी नीट. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म 1882, सावंतवाडीचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, 1908 मध्ये स्वतःची कलासंस्था काढली, जलरंगातले मोठे उस्ताद. गीताताई ऑक्टोबर 2018 मध्ये वारल्या, वयाच्या 102 व्या वर्षी. म्हणजे जन्म 1916 च्या आसपासचा. आणि रविवर्मा गेले 1906 मध्ये. ज्या मुलीचा जन्मच चित्रकाराच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी झाला, तिला समोर उभं करून त्याने चित्र कसं काढलं असेल? ही साधी वजाबाकी होती. ‘डोकी एकत्र आणली की उत्तर सापडायला हवं’ म्हणणारी मी, मला ती सुचली नव्हती.

माझ्या त्या तीन वेबसाइट मी पुन्हा उघडल्या. तिन्हींवर तीच वाक्यं होती, त्याच एका स्पेलिंगच्या चुकीसकट. तीन साक्षीदार नव्हतेच, एकच होता, तीनदा येऊन गेला होता. मी स्वतः पोटासाठी कंटेंट लिहिते. हे कसं होतं ते मला चांगलं माहीत आहे. चारशे शब्द, दुपारी दोनपर्यंत, पडताळायला वेळ नाही. मी लिहिलेल्या कुठल्या वाक्यावर आज कुणाचा प्रश्न चुकत असेल, हा विचार मी त्या रात्री पहिल्यांदा केला. फार सुखाचा नव्हता.

अशा नकलांना पकडण्याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकन लेखकाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात मुद्दाम एक खोटी माहिती पेरली होती: टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव फिलिप. पुढे ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या गाजलेल्या खेळात तीच माहिती उत्तर म्हणून छापून आली आणि वर्थने 1984 मध्ये खटला भरला. चोर रंगेहाथ सापडला, तरी वर्थ हरला. माहितीवर कुणाची मालकी नसते, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. माझ्या बाबतीत मुद्दाम कुणी काही पेरलं नव्हतं. साडीतली सुंदर बाई दिसली की तोंडात रविवर्मांचं नाव येतंच. त्यालाही कारण आहे. 1894 मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती देशभर घरोघरी पोचल्या. त्यात जगनमोहन पॅलेसमध्ये त्यांची खरी चित्रं आहेतच. शेजारच्या भिंतीवरचं श्रेय या भिंतीवर सरकायला कितीसा वेळ लागतो?

रविवारी मी पॅलेसमध्ये गेले. याच शहरात वाढले, पण तिथे शेवटची गेले होते ती शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा सगळं लक्ष डब्याकडे होतं. चित्र मला वाटत होतं त्यापेक्षा शांत आहे. जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो. कागद जिथे कोरा सोडला तिथेच प्रकाश, आणि एकदा गडद रंग गेला की परत फिरता येत नाही. हे समजून त्या मुलीच्या बोटांकडे बघितलं की धडकी भरते. केवढा धीर धरून तेवढी जागा सांभाळली असेल!

माझ्या शेजारी एक गृहस्थ आपल्या लहान मुलीला हिंदीत सांगत होते, “बेटा, ये राजा रविवर्माने बनाया है.” मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग सांगितलंच. ते म्हणाले, “अच्छा?” आणि लगेच मोबाइल काढून शोधायला लागले. मला हसावं की रडावं कळेना.

मेष्ट्र्यांना फोन करणं याहून अवघड गेलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, “प्रश्न चांगला होता. उत्तर तेवढं चुकलं.” मग म्हणाले, राहू दे, आता बदलू नकोस, लोक तुला नावं ठेवतील. मालकांचंही तेच मत होतं. निर्णय अंतिम म्हणजे अंतिम, नाहीतर दर आठवड्याला कुणीतरी उठेल. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शिवाय चौथ्या क्रमांकावरच्या मुलांनी ऑफिसातून रजा टाकून फायनलची तयारी सुरू केली होती. त्यांचा काय दोष?

दोन दिवस मी ‘सांगायलाच हवं का’ आणि ‘कुणाला कळणार आहे’ यांच्यामध्ये झोके घेतले. आई काही बोलली नाही. बाबा फक्त एवढंच म्हणाले, “सोमेश्वरांनी काय केलं असतं?” हे म्हणजे अगदी फाऊल होतं.

शनिवारी पहिला प्रश्न विचारायच्या आधी मी माईकवर सांगितलं. चित्र कुणाचं, मी कुठे चुकले, वजाबाकी कशी होती, सगळं. सात टीमचा तो एक गुण काढून घेतला, मेष्ट्र्यांच्या टीमला एक दिला. मागच्या टेबलावरून “आता हे काय!” असं आलंच. चौथ्या क्रमांकाच्या टीमचा कॅप्टन सरळ उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मॅडम, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवून खेळतो.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. शेवटी मालकांनीच तोडगा काढला, फायनलला एक टेबल वाढवलं. चारऐवजी पाच टीम. एवढं सोपं होतं तर आधी का नाही सुचलं, असं मी त्यांना विचारलं नाही.

तो कॅप्टन मात्र अजून माझ्याशी तुटकच बोलतो.

तेव्हापासून माझी प्रश्नपत्रिका शुक्रवारी रात्री आईकडे तपासायला जाते. ती चष्मा लावते, लाल पेन घेते आणि ज्याच्यावर तिचा विश्वास नाही त्याच्यासमोर एक फुली मारते. चाळीसपैकी अकरा फुल्या ही सरासरी. त्यातल्या निम्म्या तरी क्रिकेटच्या असतात, कारण क्रिकेटमधलं तिला काहीच माहीत नाही आणि म्हणून ते सगळंच तिला संशयास्पद वाटतं.

फायनलला आई-बाबा दोघेही आले. आई जिन्यात दोनदा थांबली, पदर सारखा केला, वर येऊन चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, “एवढंच?” मग मेष्ट्र्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तिने लाइम सोडा मागवला, मिठाचा. बाबांनी मेष्ट्र्यांशी त्यांच्या त्या शुद्ध कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली.

सगळं नीट चाललं होतं. एकविसावा प्रश्न मी मुद्दाम मैसूरचा ठेवला होता, शहरातल्या एका कारखान्याचा. मी तो निम्मा वाचला असेल नसेल, तेवढ्यात आई अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अगं, हा तर मीच तपासलेला!” आणि लगेच उत्तरही सांगितलं.

प्रश्न रद्द करावा लागला. या वेळी निर्णयावर कुणी हरकत घेतली नाही.