उशीर नेमका कोणाचा?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एका बटणावरून अबोला झाला. धाकटा नववीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. त्याला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा होता. आम्ही दोघंही शिक्षक. पण थोरलीच्या कॉलेजची फी भरताना लाखाच्या घरातली ती वस्तू परवडणारी नव्हती. मग त्यानंच मार्ग शोधला, क्लाउड गेमिंगचा. गेम दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो, आपल्याकडे फक्त त्याचं चित्र येतं. महिन्याची फी भरायची आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर खेळायचं. ईदीच्या पैशांतून त्यानं एका महिन्याची फी भरली.

तिसऱ्या दिवशी तो कंट्रोलर आपटताना दिसला. बटण दाबलं की गाडी उशिरा वळते, ही त्याची तक्रार. आम्ही सहज बोलून गेलो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" त्याचा चेहरा उतरला. "अब्बू, मैं देर नै करा," एवढंच म्हणून तो उठला. त्या रात्री दस्तरखानावर तो कुणाशी बोलला नाही.

अबोला मोडला तो अब्बाजानांनी. त्यांची सारी हयात सोलापूरच्या पॉवरलूमवर गेलेली. ते म्हणाले, "धोटा वेळेत पेटीत पोहोचला नाही, तर मध्येच अडकतो आणि ताण्याचे धागे तुटतात. मग विणकराचा हात कितीही साफ असो. आधी तपासा, मग पोराला बोला."

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः खेळायला बसलो. आमचे हात कच्चे, म्हणून मुलानं आधी लॅपटॉपमध्येच असलेला एक जुना गेम लावून दिला. तिथे बोट आणि चित्र एकत्र हलत होतं. क्लाउडवर आलो आणि फरक आम्हालाही जाणवला. पोरगं खरं बोलत होतं.

मग आम्ही विद्यार्थी झालो आणि तो मास्तर. बटण दाबलं की तो इशारा वायफायवरून राउटरकडे, तिथून दूरच्या सर्व्हरकडे जातो. तिथे नवं चित्र तयार होतं, दाबून लहान केलं जातं, परत येतं, लॅपटॉप ते उलगडतो आणि मग पडद्यावर दिसतं. प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ जातो. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राच्या वाट्याला जेमतेम 17 मिलिसेकंद येतात. शंभर मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर आपण सहा चित्रं मागे.

"पण आपलं कनेक्शन तर 100 एमबीपीएसचं आहे!" आम्ही म्हणालो. इथेच आमची चूक होती. उजनीहून येणारा पाईप रुंद असला की पाणी जास्त येतं. पण तिकडे सोडलेलं पाणी आपल्या नळाला कधी पोहोचेल, हा हिशेब वेगळा. इंटरनेटमध्ये या दुसऱ्या हिशेबाला पिंग म्हणतात. जाहिरातीत वेग ठळक असतो, पिंग सहसा नसतो.

सर्व्हर मुंबईत आहे असं धरलं, तर अंतर सुमारे 400 किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन चारच मिलिसेकंद! मग बाकीचा उशीर कुठला? काही वाटेतल्या वळणांचा, काही चित्र दाबण्या-उलगडण्याचा आणि बराचसा आमच्याच घरातला. राउटर बाहेरच्या खोलीत, मुलगा आतल्या खोलीत, मध्ये दोन जाड भिंती. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत साधी केबल ओढली, तेव्हा पिंग 90 वरून 30 च्या आसपास आला. टीव्हीला जोडून खेळताना गेम मोड सुरू केला, की आणखी थोडा फरक पडतो.

तरी सगळं सुटलं नाही. बुद्धिबळ, कोडी, सावकाश चालणारे गेम छान चालतात. शर्यत आणि मारामारीच्या गेममध्ये उशीर अजूनही बोचतो. शिवाय 10 एमबीपीएसचं चित्र तासाला साडेचार जीबी डेटा खातं. मोबाइलचा रोजचा दीड जीबी वीस मिनिटांत संपेल. आणि ही सगळी मामला भाड्याची. गूगलनं 2019 मध्ये स्टेडिया नावाची अशीच सेवा काही देशांत सुरू केली; 18 जानेवारी 2023 ला ती बंद झाली. खरेदीचे पैसे परत मिळाले, पण लोकांनी तिथे विकत घेतलेले गेम सेवेबरोबरच गेले. म्हणून वर्षाची फी एकदम भरू नये. एक महिना, तोही संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी खेळून पाहावा, मगच ठरवावं.

महिना संपल्यावर मुलानंच फी पुन्हा भरली नाही. उरलेली ईदी जुन्या कॉम्प्युटरसाठी जमवतो आहे. त्यात थोडी भर घालायचं आम्ही कबूल केलंय. केबल ओढली त्याच दिवशी आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, चूक आमची झाली." तो लाजला, म्हणाला, "जाने दो अब्बू."

जून महिन्यात शाळा उघडली. घरी उर्दू बोलणारा एक मुलगा मराठीच्या तासाला उत्तर द्यायला वेळ लावत होता. "झोपलास का?" हे शब्द ओठांवर आले होते. आम्ही थांबलो. थोड्या वेळानं उत्तर आलं, आणि ते बरोबर होतं.