१ जानेवारी १९८०

 

जुन्या कॉम्प्युटरच्या आतला सेल मेला की त्याच्यासाठी रोज १ जानेवारी १९८० उजाडतो. डॉसला त्याच्या अलीकडची तारीख कळते, पलीकडची नाही. नुसती तारीख चुकली तर फार बिघडत नाही. पण तीसेक वर्षांपूर्वीच्या मशीनमध्ये त्याच सेलवर आणखी एक गोष्ट जगते, ती म्हणजे आत हार्डडिस्क कोणती बसवलीय याची नोंद. सेल गेला की मशीन डिस्क विसरतं. डिस्क धडधाकट असते, पण मशीनच्या लेखी ती नसतेच.

आमच्या तालुक्यातल्या एका दिवंगत गुरुजींच्या घरी असं एक ४८६ आहे. गुरुजींनी १९९५-९६ साली धरणात गेलेल्या गावांत घरोघर फिरून खातेदारांची यादी केली होती. कुणाचं घर, किती जमीन, पैसे मिळाले की नाही, आणि कुणाला कुठे हलवलं. सगळं त्यांनी या मशीनवर टाइप केलं. कागदी प्रतीला वाळवी लागली. आज त्या घरांतली नातवंडं प्रकल्पग्रस्त दाखल्यासाठी हेलपाटे घालतात आणि कचेरीत ऐकतात, ‘यादीत नाव नाही.’ काकूंनी मला बोलावलं ते यासाठी.

आधी एका दुकानात नेलं. दुकानदारानं झाकणही उघडलं नाही. ‘साहेब, हे भंगार आहे. नवीन घ्या, हप्त्यानं देतो.’ मग बसस्टँडमागच्या रेडिओवाल्या मिस्त्रीकडे नेलं. हा माणूस अजून टेपरेकॉर्डरचे पट्टे बदलतो.

त्यांनी झाकण काढलं. मदरबोर्डवर अंगठ्याच्या पेराएवढी गोल बॅटरी, थेट बोर्डावर डाग देऊन बसवलेली. निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. मशीन चालू असताना चार्ज व्हायची आणि बंद असताना घड्याळ चालवायची. पण म्हातारपणी ही बॅटरी फुटते, आतला क्षार बोर्डावर ओघळतो आणि तांब्याच्या रेघा खातो. इथे हिरवट-निळा थर कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत पोचला होता. मिस्त्री म्हणाले, ‘पत्रकारसाहेब, अजून एक पावसाळा गेला असता तर बोर्डच गेला असता.’

बॅटरी कापून काढली. क्षार मारायला आम्लच लागतं, म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवलेला दाताचा ब्रश, मग पाणी, मग स्पिरिट, आणि दिवसभर वाळवण. दोन रेघा तुटल्या होत्या, त्या बारीक तारेनं जोडल्या. नवी बॅटरी त्याच जागी बसवायची नाही असं त्यांनी ठरवलं, आणि ते मला पटलं. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते. तिथे वायरीनं तीन पेन्सिल सेलचा डबा जोडला आणि तो लांब, कॅबिनेटला चिकटवला. साडेचार व्होल्ट. उद्या फुटला तरी बोर्डाला धक्का नाही. (बटन सेल सरळ जुन्या जागी लावू नका. बोर्ड त्याला चार्ज करायला जातो आणि तो चार्ज करायचा सेल नव्हे. मध्ये डायोड लागतो.)

मग सेटअपमध्ये जाऊन डिस्कच्या लेबलवरचे आकडे हातानं भरले: ९८९ सिलिंडर, १५ हेड, ५६ सेक्टर. एकूण ४२५ एमबी! आज मोबाइलमधल्या एका लग्नाच्या व्हिडिओलाही ते पुरायचे नाहीत. यादी मात्र एका फ्लॉपीत मावली. फायलींवर तारखा १९९६च्याच. कॉपी करताना तारीख तीच राहते, उघडून सेव्ह केली की बदलते. म्हणून मूळ फायलींना आम्ही हात लावलेला नाही. फाइलची तारीख हा काही पक्का पुरावा नव्हे, ती बदलता येते हे कुणीही वकील सांगेल. शिवाय आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. पण शोध कुठून सुरू करायचा ते तरी कळलं. अक्षरं जुन्या फॉन्टमधली, नव्या मशीनवर नुसता इंग्रजी पालापाचोळा दिसतो. युनिकोडमध्ये बदलून ओळ न् ओळ तपासणं चालू आहे.

आता सरकारकडे वळतो. दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल २०२२ मध्ये आलं. ई-कचऱ्याचे आणि बॅटरी कचऱ्याचे नवे नियमही त्याच वर्षीचे. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा कायदा लागू होतोय. आपल्याकडे फोनची बॅटरी गोंदानं चिकटवलेली आणि दुरुस्तीला गेलं की ‘नवीन घ्या’. नियम कागदावर वाईट नाहीत, पण तालुक्याच्या गावात ते कुणाला दिसलेत? ती कापलेली बॅटरी घेऊन मी आठवडाभर विचारत फिरलो. कॅडमियम विषारी, घंटागाडीत टाकायचं नाही म्हणतात. मग टाकायचं कुठे? भंगारवाला तेवढा लगेच तयार झाला. त्याला दिली नाही, काचेच्या बरणीत आहे.

या मिस्त्रींना कुठलं सर्टिफिकेट नाही. मजुरी घेतली ४०० रुपये, सेलचे वेगळे. त्यांचा मुलगा पुण्याला कुरिअरमध्ये आहे, दुकान पुढे चालवणार नाही म्हणतो.

ज्यांची घरं त्या पाण्याखाली गेली त्यांनी येऊन नाव बघून जावं. तपासलेली पानं ऑफिसात ठेवली आहेत. बाजारच्या दिवशी मी दुपारपर्यंत असतो. येताना जुना सातबारा किंवा नोटीस असेल तर घेऊन या.